कागदाच्या मागची ओळ

सर, तुमचा चेहरा आता मला नीट आठवत नाही, हात आठवतात. नखांच्या कडेला कायम निळा रंग, आणि भिंतीवर कागद लावताना ओठांत धरलेल्या चार टाचण्या. त्यामुळे तुम्ही रागावलात तरी पुटपुटल्यासारखं ऐकू यायचं आणि आम्हा पोरींना हसू आवरायचं नाही. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. पण दुपारी जरा डोळा लागला की मी पुन्हा त्या खोलीत असते. भेस्तानच्या रस्त्यावरचा पहिला मजला, खाली साड्यांच्या घड्या घालणाऱ्यांचा गाळा, वर आम्ही नऊ जण साडीचं डिझाइन शिकतोय, आणि शेजारच्या लूमच्या खडखडाटाने ब्रश धुवायच्या पाण्यात बारीक वर्तुळं उठतायत.

नव्वदीतली ती वर्षं. सुरतेत डिझाइन म्हणजे छापून आलेल्या साडीवर कागद ठेवायचा आणि गिरवायचं, एवढंच आम्हाला माहीत. तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांचे खोडरबर काढून घेतलेत आणि बिस्किटांच्या डब्यात टाकलेत. "खोडायचं नाही वो. चुकलं तं चुकलं, भिंतीवर लाव." दर शनिवारी सगळे कच्चे कागद भिंतीवर लागायचे आणि आपला सोडून दुसऱ्याच्या कागदावर बोलायचं. शिवाय प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलने एक ओळ लिहायची, हे कुठून आलं. कुणी लिहायचं 'बारडोलीच्या उसातून', कुणी 'काकूच्या बांगडीतून'. तुम्ही आधी ती ओळ मोठ्याने वाचायचात, मग कागद उलटायचात. ओळ नसली तर चित्राकडे बघायचाच नाहीत. काय हट्टी होतात.

वर्षाच्या शेवटी तुम्ही विषय दिलात, घर. सगळ्यांत चांगला कागद तुम्ही छपाईच्या मिलमध्ये नेऊन दाखवणार होतात, आणि तिथे एका डिझायनरची जागा होती. लूमवर उभं राहून राहून बाबांचे कान गेले होते. ती जागा मला हवीच होती. मी घरं काढत सुटले, कौलं, उंबरा, तुळस. तुम्ही एकेक बघत गेलात आणि म्हणालात, "हे तं कॅलेंडरातलं घर हाय. तू राह्यते का इथं?" सगळ्यांसमोर. मी नवागामला घरापर्यंत रडत चालत गेले आणि कागद कोपऱ्यात भिरकावले. आईने ते उचलून हाताने सरळ केले. "इतला चांगला कागद कसाले फेकस वं?"

दुसऱ्या दिवसापासून माझी भाकरी त्याच कागदांत. बाकीच्यांचे स्टीलचे डबे असायचे, म्हणून मी जिन्यात बसून खायचे. शनिवार आला तरी माझ्याकडे काहीच नव्हतं. भाकरी संपवली आणि कागद चुरगळायच्या आधी सहज जिन्याच्या खिडकीशी धरला. आईने त्याची चौघडी घातली होती आणि ठेच्याचं तेल चारही पदरांतून झिरपलं होतं. माझं कॅलेंडरातलं घर डागांत बुडून गेलं होतं, आणि उन्हात डाग असे उजळले होते जशा आमच्या चाळीच्या खिडक्या दिवेलागणीला दिसतात. डिझाइनची एक कड दुसऱ्या कडेशी बिनचूक जुळावी लागते, नाहीतर साडीभर चीर दिसते. त्या जुळणीसाठी आम्ही आठवडे घालवायचो. इथे आईच्या घडीने ती आपसूक जुळली होती. मी किती वेळ तिथे उभी होते कुणास ठाऊक. लूमचा आवाजही थांबल्यासारखा वाटत होता.

मग मी तो डाग न् डाग कोऱ्या कागदावर रंगवला. मागे लिहायची वेळ आली तेव्हा पेन्सिल अडली. 'भाकरीच्या कागदातून' हे तुम्ही मोठ्याने वाचणार, आणि स्टीलचे आठ डबे ऐकणार. मी लिहिलं, 'मनातून'.

तुम्ही ओठांतल्या टाचण्या काढल्यात. असं तुम्ही कधी करायचा नाहीत. "मनातून? मन कुठं राह्यते तुझं?"

तुम्ही वाट पाहिलीत, आणि मग कागद भिंतीच्या मधोमध लावलात. मला आजही वाटतं, तुम्हाला माझ्या बोटांचा कागदाला लागलेला ठेच्याचा वास कळला होता. पुढे ती जागा मला मिळाली. पहिली साडी बाजारात आली तेव्हा आईने पदर हातात घेऊन हसत म्हटलं, "हाई ते तेलना डागसारखं दिखस." तेव्हा सांगायला हवं होतं. मी नुसती हसले. लाज वाटली, सर, आणि नंतर त्या लाजेचीच लाज वाटत राहिली.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. आज काढला. 'मनातून' खोडलं नाही, तुमचा नियम. खाली लिहिलं, 'आईच्या घडीतून'. आता माझ्याकडे शिकायला येतात त्या मुलांनाही मी मागची ओळ लिहायला लावते, आणि कुणी 'मनातून' लिहिलं तर त्याला उगाच जास्त बोलते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही उलट काही विचारणार नाही. आई आत भाकऱ्या थापतेय. तिला मी अजून सांगितलेलं नाही.