अस्वलाला पँट हवीच

३ डिसेंबर, मंगळवार

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सांस्कृतिक समितीचा अध्यक्ष म्हणून माझी निवड. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, म्हणजे आंधळगावात आपली लायकी सगळ्यांना ठाऊक आहे. समितीत मी, मुख्याध्यापिका आणि विमलाबाई. विमलाबाई म्हणजे निवृत्त अंगणवाडीसेविका. जन्मभर लेकरांची नाकं पुसली, म्हणून लेकरांचं सगळं आपल्यालाच कळतं असा तिचा समज.

संकल्प: रोज डायरी. शुद्ध भाषेत. कोणाला दाखवायची नाही. गावाला पचणार नाही.

४ डिसेंबर. दुपारी, दुकानात.

गिऱ्हाईक नाही. मागच्या वर्षीच्या संमेलनाचा व्हिडिओ पाहिला. तुमसरची रिता नावाची मुलगी जादूचे प्रयोग करते. परी बनून आली होती. बिनबाह्यांचा फ्रॉक! चिल्ल्यापिल्ल्यांसमोर! खात्री करावी म्हणून परत पाहिला. मग एकदा फक्त बाह्यांसाठी पाहिला.

तिचा जोडीदार अमर, अस्वलाच्या वेशात. अस्वलाच्या अंगात जाकीट, डोक्यावर टोपी. खाली काही नाही. म्हणजे काहीच नाही! एवढे आईबाप समोर बसले होते, एकाला खटकलं नाही. समाज घोरत पडला आहे.

दुर्गाबाई चहा घेऊन आली. म्हणाली, तेच ते काय पाहून राहिले जी सकाळपासून? अभ्यास, म्हटलं. म्हणाली, जंगलातल्या अस्वलाले कोन पँट शिवून देते? आनि तुमच्या दुकानातला पुतळा साडी बदलताना अर्धा दिवस उघडा उभा राहते, त्याचं काय? बायकोला मुद्दा कळत नाही. पुतळा हा धंदा आहे.

८ डिसेंबर, रविवार

नियमावली तयार. बाह्या मनगटापर्यंत, खाली घोट्यापर्यंत. परी, राक्षस, प्राणी, पक्षी, सगळ्यांना लागू. कापडातून बॅटरीचा उजेड आरपार जाता कामा नये. सैल कपडा वाऱ्याने उडतो, म्हणून कपडा अंगाबरोबर बसणारा हवा. हे मला आंघोळ करताना सुचलं. ज्याचं अंग दिसलं, त्याने पुन्हा मंचावर पाय ठेवायचा नाही, मग तो कोणीही असो. "कोणीही"खाली लाल रेघ मारली.

विमलाबाई म्हणाली, दंडारीत बाप्ये लुगडं नेसून रातभर नाचते, पदर कुठं अन् पोलकं कुठं, तेव्हा तुमची बॅटरी कुठं जाते जी? म्हटलं, ती परंपरा आहे. ती पदर तोंडाला लावून हसली. अशा लोकांनी अंगणवाडी चालवली, मग पिढी बिघडेल नाही तर काय!

१२ डिसेंबर

नात तृप्ती चौथीत आहे. रिता तिला प्रयोगात घेणार. रिकाम्या टोपल्यातून कबुतर काढायचं. आठवडाभर घरात तेच. आजीचं भाकरीचं टोपलं पळवलं आहे, आम्ही भाकरी ताटलीतून खातो.

आज दुकानात येऊन कानात म्हणाली, आबाजी, तुमी समोरच बसजा. कबुतर कुठून निघते ते तुमी ओळखजा. बाकी कोनाले नाई विचारत मी. म्हटलं, अध्यक्षाची खुर्ची समोरच असते. शब्द दिला.

१५ डिसेंबर, रविवार

रिता आणि अमर पोशाख दाखवायला आले. पोरीने या वर्षी बाह्या लावून आणल्या, पण अर्ध्याच. फ्रॉक गुडघ्याखाली चार बोटं. बॅटरी लावून पाहिली. उजेड आरपार गेला नाही. सेल उतरले असावेत. नापास केला.

मग मोठ्या मनाने दुकानातला बिनरंगी कोसा, म्हणजे आपलं टसर रेशीम, पुढे केला. आमचं घराणं कोष्ट्यांचं, चार पिढ्या हातमागावर गेल्या. कोशाचा मूळ रंग, किड्याने दिला तो. लोक तो नेसून पूजेला बसतात. याच्याहून मर्यादशील कापड जगात नाही. रिताने कापड अमरच्या अंगाला लावलं, त्याला दूर उभं केलं, डोळे बारीक करून पाहिलं. म्हणाली, काकाजी, कापड झक्कास हाये, पन लाइटात हा रंग दुरून... तिथेच थांबवलं. तुमसरची पोरगी कोष्ट्याला रंग शिकवणार!

म्हणाली, लांब कपडा जादूच्या पेटीत अडकते जी, लेकरायसमोर तोंडावर पडीन मी. अमर म्हणाला, अस्वलाले पँट घातली तं लेकरं मले माणूस समजतीन. म्हटलं, तू माणूसच आहेस.

दोघं सामान उचलून गेले. प्रयोग रद्द. तत्त्वाचा विजय.

तृप्ती जेवली नाही. टोपलं दारात पालथं पडलं आहे. लेकरं लवकर विसरतात.

१८ डिसेंबर

अजून विसरली नाही. मी ओसरीवर गेलो की ती आत जाते. अंकुश म्हणाला, बाबा, लेकराचा हिरमोड कायले केला? पोटचा पोरगा असून विरोधी पक्षात. सूनबाई रंजिताच्या भाजीत मीठ दुप्पट होतं.

२० डिसेंबर

प्रयोगाची जागा रिकामी आहे, ती भरायला हवी. निर्णय: मी स्वतः मंचावरून बोधकथा सांगणार, मर्यादशील पोशाखात. गावाला एकदा दाखवून द्यायचं की नियम पाळून मनोरंजन होतं.

तुलाराम शिंप्याकडे बिनरंगी कोसा टाकला. पूर्ण बाह्यांची बंडी आणि चुडीदार, अंगाबरोबर. म्हणाला, काकाजी, श्वास घ्यायले तं जागा ठेवू द्या. त्याला नियमावली दाखवली, त्याने टेप उचलला.

२६ डिसेंबर

पोशाख आला. आरशात पाहिलं. गळा, मनगट, घोटा, सगळं झाकलेलं. दुर्गाबाई खोलीत आली, दारातच थबकली. "अवं माय!" म्हणाली आणि उलट्या पावली परत. चाळीस वर्षांच्या संसारात एवढी भारावलेली पाहिली नव्हती.

२८ डिसेंबर, शनिवार. संमेलनाहून परत.

न भूतो न भविष्यति! मंचावर पिवळे हॅलोजन. नाव पुकारताच मी हातात बॅटरी घेऊन आत शिरलो आणि अख्खं मैदान उभं राहिलं. खुर्च्या पडल्या. मागच्या बायकांनी तोंडं फिरवली. संस्कारी घरातली बाई परपुरुषाकडे टक लावून पाहत नाही. आयांनी लेकरांच्या डोळ्यांवर हात ठेवले. कथेआधी डोळे मिटायची ही पद्धत चांगली आहे, मुख्याध्यापिकेने सुरू केली असावी.

"बालमित्रांनो, अंगावरचं वस्त्र म्हणजे माणसाची अब्रू" एवढंच बोललो, तर मुख्याध्यापिका सत्काराची शाल घेऊन धावत आल्या. धावत! एरवी सत्कार शेवटी असतो. एक शाल खांद्यावर, दुसरी कमरेला. कमरेला शाल गुंडाळून सत्कार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तेवढ्यात लाइट बंद झाले. वीज बोर्डाचा गलथानपणा. कथा राहिली.

तृप्ती समोर होती. तिने हातांनी तोंड झाकलं होतं. रडत असावी, अभिमानाने.

२९ डिसेंबर, सकाळी

अंकुशने मोबाइलवर फोटो दाखवला. मागच्या रांगेतून काढलेला. क्षणभर कळेना, हा कोण म्हातारा मंचावर बिनकपड्यांचा उभा आहे. मग हातातली बॅटरी ओळखीची वाटली.

मोबाइल स्वस्तातला आहे. कॅमेरा धड नाही.

दुपारी. तुमसरहून मेहुण्याचाही फोन आला. त्याच्याकडेही तोच फोटो. दुर्गाबाई म्हणाली, मी त्याच दिवशी सांगत होती, पन तुमी कोनाचं आयकता कधी? म्हटलं, कोसा रंग हा कोसा रंगच आहे. लोकांना तो अंगाचा दिसत असेल तर खोट लोकांच्या नजरेत आहे, कपड्यात नाही. एवढी साधी गोष्ट गावाला कशी कळत नाही?

३ जानेवारी, शुक्रवार

समितीची बैठक. विमलाबाईने माझीच नियमावली वाचली, लाल रेघेसकट. म्हटलं, मनगटापासून घोट्यापर्यंत झाकलेला होतो, बॅटरी लावून बघा. म्हणाली, काकाजी, झाकलं काय ते नका सांगू, दिसलं काय ते सांगा. मुख्याध्यापिका खिडकीबाहेर पाहत होत्या.

अध्यक्षपद सोडलं. स्वखुशीने. आधी त्यांनी काढलं, मग मी सोडलं. आता विमलाबाई अध्यक्ष. २६ जानेवारीला रिताचा प्रयोग ठेवला आहे, तोच फ्रॉक घालून. गावाचा ऱ्हास सुरू.

१४ जानेवारी, संक्रांत

दुकानात दोघी बाया आल्या. म्हणाल्या, तो काकाजीचा रंग दाखवा. ठाण उलगडलं. हात लावून हसत निघून गेल्या. आंधळगावात चार पिढ्या कोसा विणला, आता त्याला माझं नाव लागलं आहे.

संध्याकाळी रंजिताने त्याच ठाणातून तुकडा कापून नेला. काहून पाहिजे, विचारलं. म्हणाली, असंच जी. हल्ली या घरात मला कोणी काही सांगत नाही.

२५ जानेवारी

तृप्ती बोलली! दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाली, आबाजी, उद्या येजा. समोर खुर्ची नाई तं काय झालं, मांगूनबी दिसते. टोपल्यातून काय निघते ते पाहाजा आनि मले सांगजा. हसत होती. किती दिवसांनी! काय निघते म्हणजे काय, कबुतर निघते, मला ठाऊक नाही का. पण म्हटलं, नक्की.

मला भरून आलं. संकल्प: उद्या नियम नाही, बॅटरी नाही. फक्त टोपल्याकडे पाहायचं.

२६ जानेवारी, रविवार. संध्याकाळी.

झेंडावंदन झालं, मग प्रयोग. दुर्गाबाईच्या हुकुमाने काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं. मागच्या रांगेत बसलो. शेजारी गावातला सोमाजी.

अस्वल आलं, खाली काही नाही. डोळे मिटून घेतले, संकल्प आठवला. मग रिता आली. फ्रॉक गुडघ्याखाली चार बोटं होता, मीच मोजला होता. पण पोरगी उडी मारते तेव्हा तीनच राहतात! एकदा वाटलं अडीच. सोमाजीला दाखवलं. म्हणाला, चूप बसा न जी, प्रयोग पाहू द्या. मी नीट लक्ष ठेवलं. शेवटच्या गिरकीत चक्क दोन बोटं. त्याच वेळी कशावर तरी जोरात टाळ्या आणि हशा झाला, पुढची माणसं उभी राहिली आणि माझं मोजमाप बिघडलं.

घरी आल्यावर तृप्ती धावत आली. आबाजी, पाहिलं का? काय निघालं सांगा! म्हटलं, वा, झक्कास! पांढरंशुभ्र कबुतर, टोपल्यातून भुर्रकन उडालं. पंखांचा आवाज मागपर्यंत आला.

पोरीने टोपलं खाली ठेवलं. मग म्हणाली, आबाजी, कबुतर नव्हतंच आज. मी टोपल्यातून अस्वलाची पँट काढली. तुमच्या दुकानातल्या कोशाची, आईनं शिवलेली. अस्वलानं ती सगळ्यायसमोर घातली बी. तुमच्यासाठी केलं होतं.

टोपलं उचलून आजीजवळ गेली.

म्हणजे टाळ्या त्याला होत्या.