टोपलीखालचं पीठ

१३ जानेवारी, सोमवार

प्रीतम हो म्हणून आला. मला न विचारता! ठाण्याची वल्लरी नावाची मुलगी आहे, डॉक्युमेंटरी करते. विषय काय, तर आम्ही. घरात माणूस मरून पडला, कुणाला कळलंच नाही, मग दार फोडून नेला — त्यानंतर मागे जे उरतं ते साफ करणारे. दोन महिने कॅमेरा घेऊन आमच्याबरोबर फिरणार आहे.

मी म्हटलं, दिवाळीत काय ठरलं होतं? मी मार्चपर्यंतच येणार. तर म्हणतो, शूटिंगही मार्चपर्यंतच आहे. नवरा असा बोलला की भांडायलाही जागा उरत नाही. लॉकडाऊनमध्ये फवारणीची कामं घेतली तेव्हा हेच म्हणाला होता, दोनच महिने. फवारणी संपली, हे सुरू झालं, आणि मी अजून त्या पांढऱ्या सूटमध्येच आहे.

इथे दिवा स्टेशनजवळ आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटतं मी हॉस्पिटलात हाउसकीपिंगला जाते. आता कॅमेरा म्हटल्यावर संपलंच सगळं.

१६ जानेवारी, गुरुवार

पहिला दिवस. कल्याणला, भाड्याची खोली, एकटा राहणारा माणूस. वल्लरी दारातच पांढरी पडली, पण पळाली नाही. तेवढं मानलं. मग मास्कमधूनच विचारते, "ताई, आत्ता तुमच्या मनात काय चाललंय?"

मनात काय चालणार? गादी कापत होते. अख्खी नेली तर जिन्यात लोक बघतात, म्हणून तुकडे करून पिशव्यांत भरायची. कटरचं पातं बोथट झालं होतं, तेच चाललं होतं मनात. तिला ते पुरलं नाही. मग प्रीतमने दिलं तिला काहीतरी मोठं — ही सेवा आहे म्हणे! सेवा करणाऱ्यांचा टेम्पो सोसायटीवाले गल्लीच्या टोकाला लावायला सांगतात, तेही सांगायचं होतंस.

तिला आमचे नियम हवे होते. मी पहिला सांगितला. खाण्याचं काहीही उघड्यावर दिसलं की विचारायचं नाही, थेट पिशवीत. माशा आधी तिथे बसलेल्या असतात. हे एवढंसं वाक्य तिने माझ्याकडून चार बाजूंनी बोलून घेतलं.

१९ जानेवारी, रविवार

आज कोपरीला गेले, हेमाकडे. शाळेपासूनची मैत्रीण. तिचं पोळी-भाजी केंद्र आता चांगलं चालायला लागलंय. तिची लाटणारी बाई होळीनंतर गावी जाणार, ती काही परत येत नाही. मला म्हणाली, पाडव्यापासून ये. असं सरळ, जेवता जेवता!

लगेच पोळपाटावर बसवलं. मला ताटलीतली पिठी सारखी केल्याशिवाय लाटता येत नाही. आधी तळव्याने सपाट करायची, मग करंगळीने कडेकडेने गोल. आईचीच सवय ही. हेमा हसायला लागली, अजून करंगळी फिरवतेस का गं म्हणून. शाळेच्या डब्याला आई पोळ्या करायची तेव्हाही ती हेच बघत बसायची.

मग म्हणाली, माझं सगळं गिऱ्हाईक हातांवर आहे. समोर उभे राहतात, बाईचे हात बघतात, मगच उद्यापासून डबा द्या म्हणतात.

मी हात पदरात घेतले. हेमालाही हॉस्पिटलचंच सांगितलंय. घरी येईपर्यंत नुसतं पाडवा पाडवा चाललं होतं डोक्यात. पिठाचा वास येईल दिवसभर. नुसता पिठाचा वास!

२३ जानेवारी, गुरुवार

वल्लरीला सांगून टाकलं. माझा चेहरा दाखवायचा नाही, नावही नाही. ती हिरमुसली. चेहऱ्याशिवाय फिल्म कशी उभी राहील, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे बसलेली. प्रीतम माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. शेवटी तिने शब्द दिला. चेहरा नाही, आवाजही बदलेन. "फक्त हात घेईन, ताई."

हातांचं काय, ते हातमोज्यातच असतात. बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी नीट जेवले.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून इथे.

डोंबिवलीचा फ्लॅट. प्रभाकरकाका, निवृत्त, एकटेच. बेडरूममध्येच वारले, आठवडाभर कुणाला पत्ता नाही. मुलगी नीरजा ठाण्याला असते. तिने गुरुवारी अंत्यसंस्कार केले आणि आम्हाला बोलावलं. आज बेडरूम झाली, पंखा लावून ठेवला, मी हॉलकडे वळले. टीव्हीच्या कपाटावर स्टीलची ताटली, त्यात पीठ, वर भाजीची हिरवी प्लास्टिकची टोपली पालथी. शेजारी तो सेलवरचा दिवा, गणपतीत लावतात तसला. बंद होता. मला वाटलं, काकांनी काहीतरी करायला घेतलं असेल आणि राहिलं असेल. टोपली उचलली. खाण्याचं, उघड्यावरचं, नियम तो नियम. ताटली पिशवीत उलटी केली आणि फडक्याने पुसून घेतली.

उलटी करताना पिठावर काहीतरी दिसलं होतं. तीन रेघा, एका टोकाला जुळलेल्या. पाल गेली असेल असं वाटलं.

आमच्याकडे गावाला राख असते. जमिनीवर पसरतात, वर वेताची पाटी आणि जवळ तेलाचा दिवा. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला त्याचा ठसा उमटतो म्हणतात, तेराव्याला उघडून बघतात. तेल, राख, वेताची पाटी असती तर मी लांबूनच हात जोडले असते. सेलचा दिवा आणि भाजीची टोपली! मला कसं कळावं?

प्रीतमला कळायला हवं होतं. नीरजाने त्याला सकाळीच सांगितलं होतं, हॉलमध्ये दिव्याशेजारी मांडलेल्या ताटलीला तेराव्यापर्यंत हात लावू नका, मोबाईलवर लिहूनही पाठवलं होतं. तो कॅमेऱ्यासमोर सेवेबद्दल बोलण्यात गुंग. सगळं आवरल्यावर फोन बघितला आणि माझ्या हातातल्या रिकाम्या ताटलीकडे बघत राहिला.

मी म्हटलं, फोन लावून खरं सांगू. तर म्हणाला, "बाप गेलाय तिचा. त्यात आणखी हे कशाला? पसरव ना परत, तुझ्याइतकं कुणाला जमणार आहे."

स्वयंपाकघरात घट्ट झाकणाचा डबा होता, त्यात पीठ होतं. वल्लरी बेडरूममध्ये खिडकीचं शूटिंग करत होती. हातमोज्यांनी पीठ सारखं होत नाही, म्हणून मी ते काढले. तळव्याने सपाट, करंगळीने गोल. अगदी हेमाच्या ओट्यावर केलं होतं तसंच. टोपली झाकली, दिव्याचं बटण चालू केलं.

खरं म्हणजे मी गप्प बसले ते नीरजासाठी नाही. बोभाटा झाला असता, माझं नाव आलं असतं, पाडवा गेला असता. म्हणून.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पालीचा पाय असा नसतो. सकाळी भिंतीवर एक होती, मुद्दाम बघितलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काकांचं तेरावं. वास राहिलाय का ते बघायला एकदा जायचंच होतं, नीरजाने आजच बोलावलं. घरची माणसं चारच. वल्लरीला शूटिंग करू दिलं तिने. पुढे होऊन टोपली उचलली आणि वाकून बघत बसली. सगळे बघत होते. पीठ असं गुळगुळीत की माझी मलाच लाज वाटली.

"काहीच नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडेच का वळली कोण जाणे, तिथे मोठी बाईमाणूस मीच होते म्हणून असेल. "ताई, काहीच उमटलं नाही म्हणजे सुटले ना हो बाबा? परत यायचं नाही ना त्यांना?"

मी हो म्हटलं. सुटले.

तशी ती रडायला लागली. आठवडाभर फोन न केल्याचं सगळं रडणं होतं ते. माझा हात धरून रडत होती. तोच हात! सांगावं, सांगावं असं जिभेवर येत होतं आणि मी नुसती मान हलवत होते. प्रीतम मागून हळूच म्हणाला, बघ, बरंच झालं की नाही. मला त्याचा इतका राग आला की टेम्पोत त्याच्याशेजारी बसवेना. मागे पिशव्यांजवळ बसून आले.

काका सुटले. मुलगी सुटली. मी तेवढी त्या ताटलीत अडकून पडले.

२ मार्च, रविवार

सोनलला सर्दी झालीय. तिने छातीला विक्स चोळलं आणि मी उठून जिन्यात जाऊन बसले. सुरुवातीला आम्ही कामावर नाकाखाली विक्स लावायचो. आता विक्सला त्या खोल्यांचा वास येतो. पोरगी दारात येऊन म्हणाली, आई, धुऊन टाकू का? ताप होता तिला. माझ्यासारखी आई कुणाला मिळू नये.

८ मार्च, शनिवार

हेमाने माझ्यासाठी नवीन एप्रन घेतलाय. निळा.

१६ मार्च, रविवार

वल्लरीने फिल्मचा एक तुकडा सगळीकडे टाकलाय. अख्खी फिल्म नंतर येणार, हे आधी थोडंसं. प्रीतमने जेवताना फोन माझ्यासमोर धरला.

चेहरा नाही. नाव नाही. आवाज बदललेला, "खाण्याचं काहीही उघड्यावर दिसलं की..." आणि वर चित्र हातांचं. उघड्या हातांचं! ताटलीत पीठ. तळवा फिरतो, मग करंगळी कडेकडेने जाते. हळूहळू, अगदी जवळून. कोपऱ्यात हिरवी टोपली.

ती दारात उभी होती तर.

फोन लावला. म्हणाली, "ताई, अख्ख्या फिल्ममधला सगळ्यात सुंदर शॉट आहे तो. कुणाचं घर ते कळत नाही. मी शब्द पाळलाय." पाळलाय खरा. फक्त हात घेईन म्हणाली होती, हातच घेतले. काढून टाक म्हटलं तर म्हणाली, आता हजारो लोकांनी बघितलाय.

१७ मार्च, सोमवार

सकाळीच हेमाचा फोन. हॅलोसुद्धा नाही. "रुपे, करंगळी."

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मला काही वाटत नाही गं, तू हात धू धू धुतेस मला माहीत आहे. पण उद्या गिऱ्हाइकांत एकाने जरी ओळखलं, तरी केंद्र बसलं माझं. मी म्हटलं, कोण ओळखणार? तर म्हणाली, मी ओळखलं ना.

पाडव्यापासून दुसरी बाई येणार आहे. बोलणं झालंसुद्धा.

दिवसभर हातांकडे बघवेना. पोळ्या केल्या नाहीत, भात टाकला. प्रीतम मात्र खुशीत होता. फोनवर फोन येतायत म्हणाला, ठाणे, कल्याण, पार बदलापूरवरून. देवाच्याही मनात आहे तू सोडू नयेस असं म्हणाला. देवाला मध्ये घालायची काय गरज होती? इतके दिवस तू एकटाच पुरलास की.

१९ मार्च, बुधवार

नीरजाचा फोन आला. टोपली तिचीच, ती ओळखणारच होती. मी शिव्या ऐकायच्या तयारीने उभी राहिले. तिने एकच विचारलं, "पुसण्याआधी त्यात काही होतं का?"

हो म्हटलं. तीन बोटं. पाखराची.

ती म्हणाली, "बाबा गॅलरीत रोज दाणे टाकायचे." आणि फोन ठेवला.

प्रीतम उद्याच्या कल्याणच्या कामासाठी सूट घड्या करत बसला होता. मी त्याला म्हटलं, मी येत नाही. त्याला वाटलं, उद्याचंच म्हणतेय.