मुशीला बांधलेला डोळा

९ जानेवारी, मोहगाव
बॅग भरली. दोन स्वेटर आईने कोंबले, समुद्रावर थंडी नसते हे तिला पटत नाही. वर एक पिशवी संत्री, घरची नाहीत (आपली बाग कुठली), पण बाबा ज्या बागेत कलमं बांधायला जातात तिथल्या मालकाने दिलेली.

बाबांना शार्क समजावून सांगताना नाकी नऊ आले. मोठा मासा, त्याचं पोट थोडं चिरायचं, आत बोटाच्या पेराएवढा टॅग सरकवायचा, दोन टाके घालायचे, सोडून द्यायचा. टॅग आतून टिकटिक करतो. समुद्राच्या तळाशी पाच यंत्रं ठेवलीत, ती टिकटिक ऐकून नंबर लिहून घेतात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे डोळाच बांधाले जाऊन राहिली का व? थो तं इथंबी होते."

सगळं घर हसलं. मी पण. पण अजून तेच डोक्यात. खुंटाची साल चिर, संत्र्याच्या फांदीचा डोळा (कोंब) आत सरकव, पट्टी बांध. बाबांच्या हाताखाली शाळा-कॉलेजच्या दर सुट्टीत मी हेच तर केलंय.

शार्कना टॅग लावायच्या दोन वर्षांच्या प्रकल्पात बोटीवरची जागा एकच. पुण्याचा निखिल किंवा मी. या फेरीत ठरणार. मला ती जागा पाहिजे. इथे लिहायला लाज कसली, पाहिजे म्हणजे पाहिजेच.

११ जाने., रेल्वेत
पांढुर्ण्यापर्यंत बाबा सोडायला आले. स्टेशनवर खिशातून त्यांचा कलमाचा चाकू काढून दिला, शिंगाच्या मुठीचा. बोटीवर आमची स्वतंत्र, निर्जंतुक पाती असतात हे सांगितलं नाही. घेतला. गाडी हलल्यावर जय भीम म्हणाले, मोठ्याने. डब्यातल्या चार जणांनी वळून बघितलं. मीही तेवढ्याच मोठ्याने म्हटलं.

१३ जाने., हर्णै
समुद्र पाहिला. काय लिहू. कॅमेऱ्यात मावत नाही एवढं खरं.

प्रकल्पाच्या मॅडम बंदरावर उभ्या होत्या. बारीक, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. पहिला प्रश्न: पोहता येतं? नाही म्हटलं. दुसरा: उलटी होते? माहीत नाही, कधी बोटीत बसले नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. निखिलने हळूच विचारलं, "मध्य प्रदेशात समुद्र कुठे लागतो?" म्हटलं, तुमच्या पुण्यात लागतो तिथंच. पहिल्या दिवशीच फटकळपणा. पण त्याला हसू आलं. मुलगा वाईट नाही, हेच अवघड आहे.

बोटीचे तांडेल महादू काका. शार्कला इथे मुशी म्हणतात. आता मीही मुशीच म्हणणार.

१५ जाने.
पहाटे निघालो. किनारा दिसेनासा झाला आणि पोटातलं सगळं समुद्राला दिलं. तीनदा. महादू काकांनी माझ्याच पिशवीतलं संत्रं सोललं आणि साल नाकाशी धरायला लावली. फरक पडला! संत्र्याच्या गावची मी, आणि ही युक्ती मला हर्णैच्या माणसाने शिकवावी.

लांब दोरी, तिला गळ, गळाला बांगडे. दुपारी पहिली मुशी. बोटीच्या कडेला पाण्यातच कापडी झोळीत घेतात आणि उलटी करतात. उलटी केली की निपचित पडते, झोपल्यासारखी. हिला आणि नंतरच्या एकीला नि.ने टॅग घातला, नंबर चार आणि पाच. स्वच्छ काम. टाके एकसारखे. मी वेळ लिहीत होते, अक्षर वाकडं आलं. बोटीमुळे, असं लिहून ठेवते.

१६ जाने.
आज माझी पाळी होती.

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. मुशी झोळीत, उलटी, शांत. मी हातमोजे घातले, पोटावर चीर घेतली, बरोबर खोलीवर. कातडी काचकागदासारखी, पोटाशी जरा मऊ. एका हातात पातं, दुसऱ्याने चीर उघडी धरलेली. टॅग जंतुनाशकातून काढला आणि पातं खाली ठेवेपर्यंत ओठांत धरला.

ओठांत.

बाबा तसंच करतात. मोहगावात सगळेच करतात. झाडावरून काढलेला डोळा सुकू नये म्हणून ओठांत धरायचा, हात मोकळे ठेवायचे. दहा वर्षांची सवय, डोक्याला न विचारता हात तोंडाकडे गेला. जंतुनाशकाची कडू चव आली तेव्हा कळलं. मॅडमनी वर पाहिलं. ओरडल्या नाहीत. "टॅग खाली ठेव," एवढंच. दुसरा टॅग भिजवून तयार होईपर्यंत मुशीला धरून ठेवता आलं नसतं. त्यांनी पुढे होऊन टाके घातले, रिकाम्या पोटाची मुशी सोडून दिली.

परत निघालो. महादू काकांनी चहा दिला. मी बाबांवर चिडले, मग स्वतःवर, मग ती चीड कुठे ठेवू कळेना. रडले. वाऱ्यात कुणाला दिसत नाही.

१७ जाने.
वारा फार. बोट बंद. मॅडमना विचारलं, मला घरी पाठवणार का. म्हणाल्या, एकच विचारते, टॅग तोंडात का घातलास? सांगितलं सगळं. डोळा म्हणजे काय, जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कसा बसवतात, बाबा एका दिवसात किती बांधतात. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हात आहे. तोंड बंद ठेवायला शिक."

उरलेली संत्री काढली. दिवसभर तोंडाला मास्क लावून सराव. साल चिरायची, आतली फोड फुटता कामा नये, आत शेंगदाणा सरकवायचा, दोन टाके. पहिल्या तीन संत्र्यांचा रस निघाला. चौथ्यापासून नाही. नि. येऊन बसला, त्यालाही एक दिलं. त्याचं फुटलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी बाबांना फोन. ओठांचं सांगितलं. मला वाटलं हसतील. म्हणाले, "माह्यंच चुकलं मंग. मी तुले तोंडानं शिकोलं नाही, बाई, हातानं शिकोलं. हात इसरत नाही." आणि वर, "मास्क लावून बांध."
लावलाय, बाबा.

१९ जाने.
आज शेवटचा दिवस. आज जे झालं ते मी म्हातारी झाल्यावरही सांगणार आहे, ऐकणारा असो नसो.

लाटा मोठ्या. दुपारपर्यंत गळ रिकामे. मॅडम म्हणाल्या, शेवटची दोरी ओढा आणि परतू. दोरी अर्धी आली आणि ताणली. महादू काकांचा आवाज बदलला. वर आली ती माझ्या उंचीची मुशी, मादी, परांची टोकं काळी. झोळीत घ्यायला चौघं लागले.

पाळी नि.ची होती. तो मास्क चढवून पुढे झाला, पातं उचललं, आणि खाली ठेवलं. मॅडमना म्हणाला, "हिला द्या. एवढ्या हलत्या बोटीत माझ्याच्याने नाही होणार. हिचं संत्रं फुटत नाही."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मास्क आधीच लावला होता. सकाळपासून.

बोट वर जायची, खाली यायची. बाबा शिडीवर उभे राहून वाऱ्यात हलणाऱ्या फांद्यांवरचे डोळे काढतात. फांदीशी भांडायचं नाही, तिच्याबरोबर हलायचं. मी गुडघे झोळीला टेकवले आणि तिच्याबरोबर हलायला लागले. चीर. एकच. टॅग सातवा, हातातून थेट आत, अलगद बसला, बसल्याचं बोटाला कळतं. एक टाका. लाट. थांबले. दुसरा टाका. गाठ. कापला दोरा.

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि वेळ मोठ्याने वाचली. आमच्या फेरीतली सगळ्यांत कमी. नि.ने माझ्या पाठीत धपाटा घातला.

मग तिला सरळ केलं. वाहतं पाणी तोंडात जाईल असं धरून ठेवलं. हलेना. मी शेपटीजवळ हात ठेवून बसले, कुणाशी बोलत होते आठवत नाही, महादू काका म्हणतात मी तिला "चाल व माय, चाल" म्हणत होते. असेल. मग शेपटीने माझा हात असा झटकला की मनगट अजून दुखतंय. गेली!

महादू काका म्हणाले, "पोरी, हात चांगला हाय तुझा." त्या हाताने आज तिघांची ताटं वाढली आणि स्वतः दोन ताटं जेवले. उलटी शून्य.

२० जाने.
निघताना मॅडमना जागेचं विचारलंच. म्हणाल्या, टॅग घालता सगळ्यांना येतं, टाके धरले आणि मुशी जगली तर खरं. यंत्रं वर काढू, त्यात नंबर आला तर बोलू. तुझा सात, निखिलचे चार आणि पाच.

२३ जाने., मोहगाव
घरी. बाबांना चाकू परत केला. वापरला का विचारलं. नाही म्हटलं, खरं ते. धार लावून ठेवला त्यांनी.

बाबांबरोबर रोपवाटिकेत एक ओळ बांधली. मास्क लावून. बाकीच्या बाया हसून बेजार. शेजारच्या ओळीत बाबा ओठांत डोळे धरून माझ्यापुढे निघून गेले.

२ फेब्रु.
मॅडमचा मेसेज: दोन यंत्रं काढली. नि.चा चार ऐकू आलाय. सात नाही. नि.ला अभिनंदन पाठवलं, मनापासून. म्हणजे बरंचसं मनापासून.
आई म्हणाली जामसांवलीच्या हनुमानाला शेजारीण नारळ फोडणार आहे, तुझ्या मासोळीचं नाव सांगू का. नाव नाही, नंबर आहे म्हटलं. आई म्हणाली, आपण असलं मानत नाही हे तिलाही माहीत आहे, तरी विचारून राहिली बिचारी. मी म्हटलं, सांग, सात.

१३ फेब्रु.
एकवीस दिवस झाले. डोळा धरला की नाही ते आज कळतं. बाबा सकाळी माझ्या ओळीवर बसले आणि एकेक पट्टी सोडायला लागले. हिरवा. हिरवा. हिरवा. अख्ख्या ओळीत दोनच काळे. बाबांनी पुढच्या वर्षीची मोठी ओळ बोटाने दाखवली.

तिथेच चिखलात उभी असताना मॅडमचा मेसेज आला. तिसरं यंत्र काढलं. सात. सोडल्यानंतर दहाव्या दिवशी, मग पुन्हा बाराव्या, बाराव्या दिवशी तर दोनदा. मी ओरडले तेव्हा बाया धावत आल्या, त्यांना वाटलं साप.

बाबांना सांगितलं. त्यांनी विचार केला. "तिची पट्टी कोन सोडन मंग?"
म्हटलं, तो दोरा आपोआप विरघळतो, बाबा.
"सोय हाये मंग." मग जरा वेळाने, दुसरीच पट्टी सोडता सोडता, "पोहून राहिली ना पण?"
"पोहून राहिली, बाबा."
त्यांनी हातातला चाकू मिटला आणि डोळे पुसले. मीपण.

जागेबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. दोन यंत्रं अजून पाण्यात आहेत, नि.चा पाचही कुठेतरी आहे. उद्या दहाला फोन करते म्हणाल्या. आईने विचारलं, बॅग माळ्यावर टाकू का. म्हटलं असू दे खालीच.