देवाचा गूळ आणि माझं वजन

कऱ्हाटी, फाल्गुन शुद्ध दशमी, शके १८५७

रा. रा. मानसिंगराव दाजी यांस, मेहुणा सावळाराम याचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. पण क्षेम नाही, आणि तेही तुमच्यामुळेच. आमच्या कुशाताईची, तुमच्या गुडघ्याची आणि तांबड्या गाईची खुशाली कळवावी. (गाईची आधी.)

दाजी, इंदापूरच्या लग्नात चार जिलब्या जास्त खाल्ल्या, तर मला डॉक्टरपुढे नेऊन बसवायची तुम्हाला काय गरज होती? त्या काटकुळ्याने माझ्या दंडाला फडकं आवळलं, रबराचा फुगा दाबून पारा चढवला आणि मान हलवली. म्हणे, रक्ताचा दाब फार आहे आणि तो या तीन मण वजनापायी आहे. अंग वाढलं म्हणजे मळा वाढला, पण मोट ओढणारं काळीज तेवढंच. ते जोर लावतं, त्या जोराने शिरा ताठरतात आणि एखाद्या दिवशी पाट फुटतो. मला मोट शिकवतो! याने जन्मात बैलाची शेपटी धरली नसेल. वर विचारतो, वडील कशाने गेले? आमचे आबा जेवता जेवता गेले, म्हणालो. (अशा मरणाला नशीब लागतं.)

तुम्ही हे कुशाताईला सांगितलंत, ताईने आमच्या द्वारकेला, आणि माझ्या या बायकोने तडक बिरदेवाला नवस बोलला: मालक बरे झाले तर त्यांच्या वजनाएवढा गूळ वाहीन. तेव्हापासून घरात अर्धी भाकरी आणि अळणी कालवण. तूप बंद. देवळात मात्र उलटीच तऱ्हा! पुजारी सोनबाने माझा दंड चाचपला आणि रडवेला झाला. "तुमी असं वाळाया लागला तर देवाचा गूळ घटतोय की, सावळारामराव!" तो गूळ प्रसाद म्हणून सगळा गाव खाणार, तेव्हा सगळ्या गावाला माझी काळजी. कुणी धपाटे आणतं, कुणी लोणी. छबूबाईने तर देवळामागे बसवून पाच पुरणपोळ्या चारल्या. मी माणूस आहे का नवसाचा बोकड? (खाल्ल्या. देवाच्या कामाला नाही कसं म्हणू?)

महिना झाला, मी बरा झालो, असं सोनबानेच ठरवलं. गेल्या रविवारी गुऱ्हाळाचा मोठा काटा आंब्याला टांगला. एका पारड्यात मी, दुसऱ्यात तीन मणांच्या ढेपा. मी जागचा हलेना. आणखी एक ढेप चढवली तेव्हा कुठे माझं पारडं उचललं. गावाने भंडारा उधळला. द्वारका पुढे आली. "म्हैनाभर ह्यास्नी उपाशी ठिवलं, आन् ह्ये वाढलं कसं?" छबूबाई आंब्याकडे बघत राहिली. द्वारका सगळ्यांदेखत रडली आणि ढेपा परत घरी घेऊन गेली. म्हणाली, नवस बरे झाल्यावरचा हाय.

गावात माझं हसं झालं. याला जबाबदार तुम्ही. यापुढे तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही, हे पक्कं समजा.

आपला,
सावळाराम

ता. क. पारड्यातून उतरताना डावा हात बधिर झाला. घटकाभराने ठीक झाला. आमच्या आबांचा हात ते जाण्याआधी आठ दिवस असाच झाला होता. तेव्हा त्यांना एकोणपन्नासावं होतं. मला ते चैत्रात लागेल. द्वारकेला सांगितलेलं नाही. पत्र पोचताच मिळेल त्या मोटारीने या आणि मला त्या काटकुळ्याकडे न्या.

आणखी ता. क. मुक्काम तुमच्याकडेच करीन. कुशाताईला सांगा, अर्धीच भाकरी. मी भांडेन, शिव्या देईन, ताट सरकवीन. उरलेली अर्धी वाढू नका.