मधूसाठी आणलेली करवत

कराड, ४ मार्च १९४६
आज करवत आली. साधी नव्हे, पेट्रोलवर चालणारी. पुण्याला मिलिटरीच्या लिलावात घेतली. दोन टोकांना दोन माणसं धरतात, मधल्या पात्यावर साखळी फिरते. सातारा जिल्ह्यात दुसरी नसावी. निश्चय : पाडव्यापासून वखारीतल्या हाताच्या करवती बंद. नवी पाटी रंगवून घेणे : ‘चिंतामण आणि बंधू’.

बंधू म्हणजे मधू. ब्रह्मदेशात पलटणीबरोबर अशाच करवतीने झाडं पाडून रस्ते करायचा. परत आल्यापासून परसात भिंतीकडे तोंड करून बसतो. त्याला काही झालेलं नाही. हाताला काम नाही, एवढंच. करवत दाखवली. त्याने पाहिली आणि आत निघून गेला. फार आनंद झाला की माणूस गप्प होतो.

५ मार्च
सुरू झाली नाही. रेल्वेच्या प्रवासाचा शीण.

८ मार्च
दोरी ओढून ओढून खांदा गेला. ठिणगी पडते, म्हणजे प्लग ठीक. दोष कार्बोरेटरचा. पेट्रोल आणि हवा तिथे मिसळायची, ती मिसळत नाही. पेट्रोल खालून टपटप गळतं. कुपनावर मिळालेलं पेट्रोल जमीन पिते आहे. बिराप्पा, म्हणजे हाताची करवत ओढणारा आमचा जुना माणूस, म्हणाला, मालक, ह्ये पितंय कमी आन् मुततंय लय. दुर्लक्ष केले.

१३ मार्च
कार्बोरेटर उघडला. आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा डबा, जुन्या पेट्रोलच्या चिकट थरात अडकून बसला होता. रॉकेलने धुतला. गळती बंद! आता पेट्रोल अजिबात पुढे येत नाही. तरी प्रगतीच म्हणायची.

१४ मार्च
कारण सापडलं. जेटचं, म्हणजे पेट्रोल ज्यातून येतं त्या तोटीचं, बारीक भोक बुजलेलं. बायकोच्या, म्हणजे गोदावरीच्या, गोधडीच्या सुईने मोकळं केलं. जरा जास्तच मोकळं झालं. काळा धूर, दोन खोकले, शांत. सुईही मोडली.

गोदावरीने तुकडे वेचले. हल्ली ती हळू बोलते, भांडीसुद्धा हळू ठेवते. का, तर मधू दचकतो. काल तिच्या हातून पळी पडली तर तो चुलीपाशी पालथा पडला म्हणे. मी सांगितलं, लाड पुरे. आवाजाची सवय मोडली की असं होतं. करवत सुरू होऊ दे, आपोआप जाईल.

५ एप्रिल
पाडवा झाला. पाटी लावली. करवत चालत नाही हे गिऱ्हाइकाला कळायचं कारण नाही. बिराप्पा हाताने कापतो आहे. तूर्त.

११ एप्रिल
घड्याळजीकडून जेट डाग देऊन बुजवून घेतलं, नवं बारीक भोक पाडलं. गोदावरी मधूला घेऊन संगमावर गेली होती, तेवढ्यात दोरी ओढली. सुरू! काय आवाज! बिराप्पाला दुसरं टोक धरायला लावलं. पण बाभळीच्या बुंध्याला लावायला यंत्र आडवं केलं की बंद. सरळ केलं, चालू. आडवं केलं, बंद. बहुधा बाभळीचा दोष.

१२ एप्रिल
मोठी बातमी. जेवताना मधू आपण होऊन बोलला. कपड्यांना पेट्रोलचा वास आला असावा. म्हणाला, दादा, इंजिन आडवं करू नकोस. फ्लोट अडकतो, पेट्रोल उतरत नाही. मागची खुंटी ओढ, मग नुसतं पातं आडवं वळतं. इंजिन उभंच ठेवायचं.

एवढं सलग तो आल्यापासून बोलला नव्हता! गोदावरीचा घास हातातच राहिला. बरा झाला की. मी आधीच म्हणत होतो. नंतर म्हणाला, पण मी घरात असताना लावू नकोस. हा विनय.

१४ एप्रिल
गोदावरीने अडवलं. मधूने तिला काय सांगितलं ते आज मला सांगितलं. तिकडे करवतीचं दुसरं टोक कडेगावचा नानासो धरायचा. करवत चालू असली की तोफेचा गोळा येताना ऐकू येत नाही. मधूच्या टोकाला काही झालं नाही. नानासोच्या टोकाला कोणी उरलं नाही. ती म्हणाली, अहो, विकून टाका ती.

वाईट वाटलं. पण घोड्यावरून पडलेल्याला परत घोड्यावरच बसवतात. बायकांना हे कळायचं नाही. उद्या सकाळी लावणार.

१५ एप्रिल
लावली. खुंटी ओढली, पातं आडवं वळलं, इंजिन उभं. मधूने सांगितलं तसंच. साखळी लोण्यातून जावी तशी बुंध्यात गेली. मी मधूला मोठ्याने हाक मारली, ये, बघ!

आला. धावतच आला. मला वाटलं, टोक धरायला. त्याने बिराप्पाला कवेत घेऊन जमिनीवर पाडलं आणि त्याच्यावर पालथा पडला. नानासो, खाली रहा, नानासो, असं ओरडत होता. मी यंत्र बंद केलं तरी ओरडत होता. गोदावरी दारात तोंडाला पदर लावून उभी. बिराप्पा खालूनच त्याची पाठ थोपटत म्हणाला, उठा, धाकलं मालक. काय न्हाई आलं. आबाळ मोकळं हाय.

बाभूळ अर्धी कापून झाली आहे.

१६ एप्रिल
मधू घरात नाही. संगमावर गेला असेल.

१७ एप्रिल
संगमावर नाही. औंधला यमाईच्या डोंगरावरही माणूस पाठवला. नाही. गोदावरी माझ्याशी बोलत नाही. करवत कालपासून पुन्हा सुरू होत नाही. मी तशी फारशी ओढलीही नाही.

सांगली, २ जून
सापडला. एका हळदीच्या व्यापाऱ्याने निरोप दिला होता. हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणलेली असतात, त्यात उतरून तो पोती भरतो. मी तोंडाशी उभा राहून हाक मारली. पिवळा होऊन वर आला. डोळे तेवढे मधूचे.

मी बरंच बोललो. पाटीवर तुझं नाव आहे म्हणालो. यंत्राचा कार्बोरेटर आता पूर्ण ठीक आहे म्हणालो. हे कशाला म्हणालो कोण जाणे.

तो म्हणाला, इथं बरं आहे, दादा. खाली काही ऐकू येत नाही. वहिनीला सांग, मी दोन वेळा जेवतो.

मग खालून कोणीतरी बोलावलं म्हणून दोर धरून परत उतरला. मी वाकून पाहिलं. थोडा वेळ त्याचं डोकं दिसलं, मग हळदीचा वास नुसता.

दिवाळीला येईन असं तो म्हणाला नाही. नाही असंही म्हणाला नाही. मी विचारलंच नव्हतं.