नळीतला खन

ता. १०-४-७३, मंगळवार

ती. आईस,
गोजरचा दंडवत. आई, रातभर डोळा लागला न्हाई. भिऊ नको, मुक्ता बरी हाय, खालचे दोन दात आलेत तिला, बोटाला चावतीया. माजी झोप इहिरीपायी गेली. आमच्या प्यायच्या इहिरीत परवा बेस्तरवारी सुरुंग लावनार हायती.

तुला सहादेवभाऊंचं सांगितलं हुतं, नगरहून इहिरीचं पानी मोजायला येत्यात ते. मानूस लई चोख. मोजायच्या फितीला खडू चोळायचा नि पान्यात सोडायची. वर घेतली की खडू कुटवर भिजला ते बगून पानी किती खाली गेलं ते वहीत लिवायचं. पन फीत सोडायच्या आदी ती सोताच्या प्यायच्या पान्यानं धुत्यात. एका इहिरीची घान दुसरीत जाऊ ने म्हून. असल्या दुस्काळात! सासूबाई म्हनल्या, "आवो, मानूस तहानला नि फितीला आंघोळ?" तर हासले. "मावशी, मी एक दिस तहानलो तर मरत न्हाई. तुमची इहीर नासली तर समदी वस्ती आजारी पडंल."

माघात पानी मोजायच्या नळीसाटी बोर पाडायची मशीन आली. डायवर ती इहिरीच्या काठालाच लावत हुता. भाऊ म्होरं आडवे उभे ऱ्हायले. पन्नास पावलं लांब न्यायला लावली. चिखल नि त्याल इहिरीकडं वाहू ने म्हून खड्डा खांदला, जाताना बुजवला. आमच्या लिंबाची एक डहाळी तोडू दिली न्हाई. लेकरांनी आत काय टाकू ने म्हून नळीला झाकन केलं नि झाकनाला कुलूप.

आन किल्ली माज्या हातात दिली! म्हनले, "ताई, तुमचं घर जवळ. ही नळी म्हंजी इहिरीची नाडी. हिच्यात पानी हाय तवर इहिरीत सुरुंग लावायचा न्हाई, आसं सायबाकडनं लिहून घेतलंय. खालचा खडक तडकला तर हायेत ते झरे बी पळून जात्याल."

आई, चौथीतनं काढलेली मी, नि सरकारची किल्ली माज्या मंगळसुत्राला. त्या दिशी मला लई मोठं वाटलं.

आता लिवायचं ते लिवते.

पाडव्याला सासूबाई म्हनल्या, "नवं पानी लागलं नि पान्यातल्या आसरांची वटी भरली न्हाई. पोरीला धरलं म्हंजी?" मुक्ताचं नाव काडलं नि मी भ्याले. कुलूप काडलं. चोळीच्या खनात तांदूळ, हळकुंड, सुपारी नि हिरव्या बांगड्या बांधून नळीत सोडलं. नारळ जाईना, तो काठावर फोडला. मंग एक खडा टाकून बगितला. आदी डुबुक वाजायचं. आता नुसतं टक. खन मदीच आडकला हुता.

भाऊ आले की सांगीन म्हनलं. ते रागावले तर रागावू देत. पन भाऊ आलेच न्हाईत. तापानं घरी हायेत म्हनं, भिंगारला.

काल दुसराच मानूस आला. फीत धुतली न्हाई. सोडली नि वर घेतली, तर खडू कोरडा. मला इचारलं, "बाई, नळीला कुनी हात लावला हुता का?" मामंजी बगत हुते, हे बगत हुते, सरपंच बगत हुते. मुक्ता काखंला. मी म्हनले, "न्हाई."

येवढंच म्हनले, आई. त्यानं वहीत 'कोरडी' लिवलं नि गेला. सांच्याला बेस्तरवारचं ठरलं. समदे खूश, म्हनं सुरुंगानं पानी फुटंल.

आज सकाळी ह्यांना खरं सांगितलं. हे म्हनले, "येडी का खुळी? कागदावर कोरडी हाय. आता तोंड उगडलं तर गावात आमी कंचं तोंड दावायचं?" नि कामावर निगून गेले.

तोंड ऱ्हाईल, आई. पन इहीर फुटली तर मुक्ता काय पिनार? सहादेवभाऊंनी सोताची तहान मारून जपलेली इहीर, ती माज्या खनानं जानार.

टँकरचा बन्सी डायवर आत्ता तुमच्या मिरजगावला निगालाय, त्याच्याच हाती हे धाडते.

तुला वाचता येत न्हाई. बन्सीला सांगितलंय, तुला पोस्टात घिऊन जा म्हून; तितलं कुनीतरी वाचून दावंल. हितनं फुडं त्यांच्यासाटी.

दादा, तुमी कोन मला ठावं न्हाई. पाया पडते, तुमच्या फोनवरनं भिंगारला लष्कराच्या डेपोत फोन लावा. काकासाहेब शिपाई म्हून इचारा, त्यो माजा भाऊ. त्याला म्हना, आजच्या आज सहादेवभाऊंच्या घरी जा नि सांग, नळी कोरडी न्हाई, खन आडकलाय, सायबाला थांबवा. आई रडायला लागंल. तिला मागनं समजवा, आदी फोन करा.

आन कुनी केलं इचारलं तर लपवू नका. माजं नाव सांगा.

जिच्याकडं किल्ली हाय ती,
गोजर