मुकं यंत्र

दि. ३ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम.

तुझं यंत्र पोचलं. लहानपणी तू उघडलेला रेडिओ आजतागायत मिटलेला नाही, म्हणून खोका जरा भीतभीतच उघडला. पण गुणी निघालं हो! एक पट्टी कपाळावर, एक मानेजवळ. बटण दाबलं की मुंग्या सुरू होतात त्या पूर्ण वीस मिनिटं, अगदी शेवटपर्यंत. शिवून शिवून धरलेला खांदा मोकळा झाला. हे गेल्यापासून मनावर जे मळभ होतं, तेही हटलं. दुकानात कामाचा ढीग पडलाय, मान वर करायला फुरसत नाही.

आता माझा घोर सोड आणि वेळेवर जेवत जा. माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तरी हरकत नाही.

तुझी ताई

दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. लाज वाटते म्हणून.

असली यंत्रं दुखण्यावर, उदासीवर खरंच चालतात का, हे ठरवणं हे आमचं काम. त्यासाठी निम्म्या रुग्णांना खरं यंत्र देतो, निम्म्यांना मुकं. मुकं दिसायला हुबेहूब तसंच असतं. अर्धं मिनिट मुंग्या येतात, मग करंट बंद. दिवा मात्र जळत राहतो. कुणाला कोणतं मिळालं हे त्यांना कळू देत नाही. दोन्हीकडे सारखाच आराम पडला, तर यंत्राचं श्रेय काय राहिलं?

एवढं कळत असून मी तुझं पत्र भर बैठकीत वाचून दाखवलं. आमच्या मुख्य बाई शांतपणे म्हणाल्या की घरच्या माणसाचं पत्र हा पुरावा नव्हे. मी त्यांच्याशी हुज्जत घातली. माझी बहीण मला ओळखते, ती उगाच कशाला लिहील, असं म्हणालो. दुपारी कपाट आवरताना खरं यंत्र हाताला लागलं. तुझ्यासाठी म्हणून मीच त्याला लाल दोरा बांधून ठेवला होता. कुणाला न विचारता, घाईघाईत खोका भरला, आणि तुझ्याकडे मुकं गेलं.

ताई, तू मनाला लावून घेऊ नकोस. मुक्या यंत्रानेही पुष्कळांना बरं वाटतं. म्हणून त्यांचं दुखणं खोटं नसतं, तुझंही नाही. लाजायचं ते मी. भाऊजी गेल्यावर एकदा उभ्या उभ्या येऊन गेलो, आणि नंतर खोका पाठवून मोकळा झालो. खरं यंत्र पाठवू का? की काय करू, ते तूच सांग.

कान धर, पण अबोला धरू नकोस.

तुझा खुडबुड्या

दि. २७ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,

अनेक आशीर्वाद. वर क्षेम लिहायचं विसरले नाही, मुद्दाम लिहिलं नाही.

तू इतक्या मायेने माझी समजूत घातलीस की मला तोंड लपवायला जागा उरली नाही. अरे, मी ते यंत्र एकदाही लावलेलं नाही. खोका उघडला, आतला कागद वाचला आणि सगळं परत आत ठेवून दिलं. मुंग्या, वीस मिनिटं, सगळं त्या कागदावरून उतरवलं. तू एवढ्या हौसेनं पाठवलंस, तुला नाही कसं म्हणायचं? आपल्या घरात आजारी माणूससुद्धा आपण मजेत आहोत असंच लिहितो. मीही तेच केलं. माझ्यामुळे चारचौघांत तुझं हसं झालं, याची फार लाज वाटते. मुख्य बाईंना सांग, त्यांचंच बरोबर होतं.

आता खरं सांगते. दुकान दिवाळं निघाल्यासारखं बंद आहे. लोकांचे कपडे बेतून तसेच पडलेत. खांदा ठणकतो, पण त्याचं काही नाही. सकाळी उठून केस विंचरायचंही जिवावर येतं. शेजारीण दार वाजवते तेव्हा मी आत गप्प बसून राहते. परवा तिला कुणी तरी म्हणालं की ताई गावाला गेल्या असतील, आणि मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं.

दुसरं यंत्र नको. तू ये. डॉक्टरांकडे एकटीने जायचं धाडस होत नाही. दार वाजवून मला हाक मार, म्हणजे तू आलास हे कळेल आणि मी उघडीन.

लोभ होता म्हणून खोटं लिहिलं. खरं वाचूनही तो तसाच राहू दे.

तुझी ताई